डॉ. हाफकिन : शोधाची पारख आणि बातमीची शहानिशा

डॉ. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उसळला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी पहिला प्रयोग पुन्हा स्वतःवरच केला. परंतु एक मनुष्य सुखरूप राहिला, एवढ्याने लस गुणकारी ठरत नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. उरलेल्यांनी घेतली नाही. भिंती त्याच, अन्न तेच. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला त्यांना वगळता, लस घेतलेल्यांपैकी २ जण आजारी पडले व दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ मरण पावले. हा पुरावा होता. लोकांच्या मनातील भीती जावी म्हणून सर सुलतान मुहम्मद शाह आगा खान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः ते १९ही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. ती बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय मुंबईतच जंतू शिरले असते, तर इतक्या दिवसांनी बाटलीला दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस व अन्य शास्त्रज्ञांनी हे पुरावे जाहीरपणे मांडले. अखेर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

१९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुल्कोवालचे मृत्यू खरे होते, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा होता. सूरह अल्-हुजुरातची सहावी आयत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा देते, ती याचसाठी की अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचू नये व नंतर पश्चात्तापाची वेळ येऊ नये. आज गोंदियाच्या एखाद्या मोहल्ल्यात बालकांच्या डोसविषयी मोबाईलवर संदेश येतो, तेव्हाही प्रश्न तेच आहेत : किती जणांना दिला, न दिलेल्यांचे काय झाले, आणि हे कोणी पडताळले? हे विचारल्यावाचून संदेश पुढे पाठविणे ही अमानतीतील कसूर होय.