पाहिलेले आणि ऐकलेले : महापंडित ह्युएनत्संग यांची जीवनयात्रा

सिल्लोडहून जळगावच्या दिशेने निघाले की अजिंठा गाव लागते, पुढे घाट उतरून फर्दापूर येते आणि तेथून जवळच वाघूर नदीच्या वळणावर ती जगप्रसिद्ध लेणी उभी आहेत. या वाटेने आपण सर्वच जण कितीदा तरी गेलो आहोत. कोणी शाळेच्या सहलीत, कोणी वंदनेसाठी, कोणी परगावच्या पाहुण्यांना सोबत घेऊन. या लेण्यांचे म्हणून अभ्यासक मानतात ते एक अत्यंत जुने वर्णन मात्र चिनी भाषेत आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकात ते लिहून ठेवणाऱ्या महापंडित ह्युएनत्संग यांच्या चरित्राचे या स्मरणिकेच्या निमित्ताने स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

ह्युएनत्संग यांचा जन्म इ. स. 602 च्या सुमारास चीनमधील हेनान प्रांतात, लोयांग नगराजवळ एका विद्याव्यासंगी घराण्यात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. थोरले बंधू भिक्खू होते. त्यांच्यामागोमाग हा मुलगाही लोयांगच्या विहारात गेला आणि कोवळ्या वयातच श्रामणेर झाला. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी उपसंपदा घेतली. चीनमधील नामवंत आचार्यांपाशी अध्ययन करताना त्यांच्या ध्यानी आले, की एकाच सूत्राचे अर्थ प्रत्येक आचार्य निरनिराळे सांगतो आणि उपलब्ध भाषांतरे अपुरी, काही ठिकाणी परस्परविरोधी आहेत. शंका मनात दडपून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. जेथे धम्म उदयास आला त्या भूमीत जाऊन मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचावेत, असा त्यांनी निश्चय केला.

त्या काळी सीमा ओलांडण्यास राजाज्ञेने बंदी होती. त्यांचा परवानगीचा अर्ज नामंजूर झाला. तरीही इ. स. 629 च्या सुमारास ते एकटेच निघाले. दिवसा लपावे, रात्री चालावे, असा प्रवास सुरू झाला. सीमेवरील टेहळणी बुरुजावरून त्यांच्यावर बाण सुटले. पुढे वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत मुरून गेले. मागे फिरण्याचा विचार क्षणभर आला, पण त्यांनी तो टाकून दिला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब न मिळता चालल्यावर त्यांच्या म्हाताऱ्या घोड्यानेच एका हिरवळीचा माग काढला आणि दोघांचे प्राण वाचले.

त्यापुढील संकट निराळ्या जातीचे होते. तुर्फानच्या राजाला या तरुण भिक्खूची विद्वत्ता इतकी भावली, की त्याने त्यांना राजगुरू म्हणून तेथेच राहण्याचा आग्रह धरला आणि प्रसंगी बळाचा धाकही घातला. ह्युएनत्संग यांनी अन्नत्याग केला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राजा नमला आणि त्यानेच पुढील प्रवासासाठी माणसे, घोडे व ओळखपत्रे दिली. मानसन्मानाचा मोह वाळवंटाइतकाच वाट अडवणारा असतो, हे या प्रसंगावरून आमच्या ध्यानी येते.

समरकंद, बाम्यान, गांधार, काश्मीर असे करीत ते मध्यदेशात पोहोचले. बाम्यानच्या ज्या भव्य बुद्धमूर्ती 2001 साली उद्ध्वस्त करण्यात आल्या, त्यांचे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे. नालंदा महाविहारात वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणी बसून त्यांनी योगाचार दर्शनाचा अभ्यास केला. तेथील त्यांचे वास्तव्य एकूण पाच वर्षांच्या घरात जाते. सम्राट हर्षवर्धनाने कनौज येथे भरविलेल्या धर्मपरिषदेत त्यांना अग्रस्थान मिळाले.

इ. स. 641 च्या सुमारास, दक्षिणेचा प्रवास करून, ते आपल्या या प्रदेशात आले. येथे तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. हर्षासारख्या सम्राटालाही त्याला नमविता आले नव्हते. महाराष्ट्रातील माणसे साधी, सरळ आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. या देशात शंभराच्या आसपास विहार व पाच हजारांच्या घरात भिक्खू असल्याचेही त्यांनी लिहिले. आपल्या मातीत धम्म किती खोलवर रुजला होता, याची ही मोजदाद आहे.

याच नोंदीत देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरात, खोल दरीत कोरलेल्या विहाराचे वर्णन येते. भिंतींवर बोधिसत्त्वाच्या चरित्रातील प्रसंग आहेत, दाराबाहेर दोन्ही बाजूंस दगडी हत्ती आहेत आणि विहाराचा निर्माता अचल नावाचा अर्हत आहे, असे ते सांगतात. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या प्रवेशमार्गावर दगडी हत्ती आजही आहेत आणि सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव आढळते. मात्र त्यांनी सांगितलेली सत्तर फूट उंचीची बुद्धमूर्ती तेथे नाही. म्हणून ते स्वतः लेण्यांपर्यंत गेले, की येथील भिक्खूंच्या तोंडून ऐकून त्यांनी लिहिले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

हा मतभेद त्यांच्या थोरवीस उणेपणा आणीत नाही. त्यांच्या ग्रंथात 138 देशांची माहिती आहे. त्यांपैकी 110 देश त्यांनी स्वतः पाहिले आणि 28 देशांविषयी ऐकले, असे त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलेले व ऐकलेले यांचा हिशेब वेगळा मांडणारा प्रवासी विरळाच.

इ. स. 645 मध्ये, सुमारे सोळा वर्षांनी, ते वीस घोड्यांवर 657 ग्रंथ लादून चीनच्या राजधानीत परतले. ज्या भूमीतून ते चोरून निघाले होते, तेथे त्यांचे राजवैभवाने स्वागत झाले. पुढील वर्षी, सम्राटाच्या आज्ञेवरून व शिष्याच्या साहाय्याने, प्रवासवृत्तांत सिद्ध झाला. सम्राटाने देऊ केलेले अधिकारपद नाकारून त्यांनी उर्वरित सुमारे एकोणीस वर्षे भाषांतराला वाहिली आणि 75 ग्रंथ चिनी भाषेत आणले. परतताना सिंधू नदीत काही पोथ्या वाहून गेल्या होत्या. त्यांची यादी करून त्यांनी भारतातील भिक्खूंना पत्र पाठविले आणि त्या प्रती पुन्हा मागविल्या. इ. स. 664 मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर त्यांच्या प्रवासाला जणू दोन जन्म मिळाले. पहिला जन्म कथेचा. 1592 साली छापलेल्या शंभर अध्यायांच्या एका चिनी कादंबरीत या यात्रेला अद्भुताचा साज चढला. तिच्यात पराक्रमी वानर नायक झाला आणि बुवा मात्र भित्रे, भोळे ठरले. चोरून निघालेल्या यात्रेकरूला तेथे सम्राटच निरोप देतो. या कथेवर नाटके व चित्रपट झाले. 1978 सालच्या जपानी दूरदर्शन मालिकेतील गांधार देशाविषयीचे गीत तेथे घरोघरी पोहोचले. 1986 सालची चिनी मालिका पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिली. 2016 साली खऱ्या ह्युएनत्संग यांच्यावर चित्रपटही निघाला.

दुसरा जन्म सत्याचा, आणि तो आपल्याशी थेट संबंधित आहे. काळाच्या ओघात भारतातील विहार ओस पडले, स्तूपांचे ढिगारे झाले, नालंदेचे ठिकाणही लोक विसरले. अजिंठ्याची लेणी 1819 साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली आणि पुन्हा जगापुढे आली. 1861 नंतर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ह्युएनत्संग यांचा वृत्तांत हाती धरून, त्यांनी दिलेल्या दिशा व अंतरे मोजीत प्राचीन बौद्ध स्थळांचा शोध घेतला. नालंदेची ओळख अशीच पटली. या भूमीतला पुसला गेलेला इतिहास एका परदेशी भिक्खूच्या प्रामाणिक टिपणांमुळे आपल्याला परत मिळाला.

आमच्या वसतिगृहात येणारी मुलेही घर सोडूनच येतात. कोणाचे आईवडील ऊसतोडीला, कोणाचे वीटभट्टीवर. विद्येसाठी केलेला तोही प्रवासच आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या वाटा, आपली गावे, आपले पूर्वज कसे चालत आले हे लिहून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. लिहिताना डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून आणि कानांनी ऐकले ते ऐकले म्हणून लिहावे. उद्या कोणाला आपला ठावठिकाणा शोधावा लागला, तर तीच टिपणे वाट दाखवितील.

महापंडित ह्युएनत्संग यांच्या पावन स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.