श्री संत गाडगे महाराज : परक्या म्हाताऱ्यांचा आधार

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्यात दर रविवारी तेथे यात्रा भरते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे नदीला घाट नव्हता. ऐन थंडीत स्नान करून ओलेत्याने वर येणारी म्हातारी माणसे चिखलात घसरून पडत. पुण्य पदरात पाडून घेण्याच्या घाईत कोण कोणाकडे पाहणार? एक फाटका तरुण मात्र त्या चिखलात उभा राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देई, वाटेवर माती टाकून ती नीट करी. धरलेला हात कोणत्या जातीचा, हे त्याने कधी विचारले नाही. पुढे लोकवर्गणीतून तेथे घाट झाला, तोही त्याच्याच खटपटीने.

हेच आपले गाडगे महाराज. मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे परीट कुळात झाला. दारूपायी वडील लवकर गेले आणि देबूजी मामांच्या घरी दापुऱ्यास गुरे राखीत व शेती करीत वाढले. शाळा नशिबी नव्हती. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. घरी आई, पत्नी व लेकरे होती. स्वतःच्या आईला मागे ठेवून जगाच्या आईबापांची सेवा करणे, हे कोणासही सहज पटणारे नाही. त्या माउलीने काय सोसले असेल ते तिलाच ठाऊक.

अंगावर चिंध्यांचे पांघरूण, हातात खराटा आणि सोबत मातीचे गाडगे, असा त्यांचा वेष होता. गावात शिरले की आधी रस्ते झाडावयाचे, गटारे साफ करावयाची आणि रात्री कीर्तन करावयाचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत. घरच्या म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवून तीर्थयात्रा करणाऱ्यांची तर चांगलीच हजेरी घेत. स्वतःच्या पाया मात्र कोणास पडू देत नसत.

पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला त्यांनी काय पाहिले? शेकडो कोस पायी आलेले वारकरी थंडीपावसात उघड्यावर पडत. त्यातही अस्पृश्य मानलेल्या समाजातील वृद्धांचे हाल फार, कारण त्यांना कोणत्याही धर्मशाळेत थारा नव्हता. चंद्रभागेवर येऊनही महाराज दर्शनाच्या गर्दीत शिरले नाहीत, वाळवंट झाडीत राहिले. त्यांनी देणगीदारांपुढे शब्द टाकला आणि 1920 च्या सुमारास तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. 1949 साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. नाशिक येथे, तसेच आपल्या पुणे जिल्ह्यात देहू व आळंदी येथेही त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली, ती रुग्णांसोबत खेड्यातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी. आजारी मुलाच्या उशाशी आलेल्या म्हाताऱ्या बापाला शहरात पाठ टेकावयास जागा कोठून मिळणार, हा विचार शिकलेल्यांच्या आधी या निरक्षर माणसाला सुचला.

लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण स्वतःच्या नावावर त्यांनी काही ठेवले नाही. व्यवस्था विश्वस्तांकडे सोपविली आणि घरच्या माणसांना तेथील मिळकतीपासून दूर ठेवले. सार्वजनिक पैशाचा कारभार ज्यांच्या हाती असतो, त्यांना यातील अवघडपणा समजेल.

आपल्या रांजणगावी चतुर्थीला व भाद्रपदात महागणपतीच्या दर्शनास गावोगावचे वृद्ध येतात. कोणी काठी टेकीत येतो, कोणी नातवाचा खांदा धरून. मंदिराच्या जीर्णोद्धारास सढळ हाताने देणाऱ्या मंडळींना सांगावयाचे ते एवढेच, की महाराजांनी देणगीदारांकडून मागितले ते या माणसांना निवारा मिळावा म्हणून.

पुढे महाराज स्वतःच म्हातारे झाले. वेष तोच राहिला. ज्या गावी ओळख नसे तेथे त्यांना भिकारी समजून हाकलीतही, आणि रात्री त्याच गावात हजारो लोक त्यांचे कीर्तन ऐकावयास बसत. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीस जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी देह ठेवला. वय 80 वर्षे होते.