वीर वैमानिक जॉर्ज गिनमेर

१९१४ सालीं युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटला तेव्हां एकोणीस वर्षांचा एक फ्रेंच तरुण सैन्यांत नांव घालावयास गेला. डॉक्टरांनीं त्याची काडीसारखी अंगयष्टि पाहिली आणि त्याला परत पाठविलें. तो पुनः गेला. पुनः तोच निकाल. तीनच वर्षांनीं हा तरुण नाहींसा झाला तेव्हां सारा फ्रान्स देश हळहळला. त्या जॉर्ज गिनमेरचें चरित्र आम्ही वाचकांस, विशेषतः आमच्या तरुण मंडळीस, थोडक्यांत सादर करीत आहों.

त्याचा जन्म पॅरिस शहरीं २४ डिसेंबर १८९४ रोजीं, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीं झाला. वडील पूर्वीं लष्करांत अधिकारी होते. हा त्यांचा एकुलता एक पुत्र; पण प्रकृति इतकी नाजूक कीं घरच्यांचा जीव सदा टांगणीला. पॅरिस येथील स्तानिस्लास ह्या कॅथॉलिक विद्यालयांत त्याचें शिक्षण झालें.

सैन्यानें नाकारल्यावर तो आईबापांसह बिआरित्झ येथें समुद्रकांठीं राहत होता. एके दिवशीं वाळवंटावर एक विमान उतरलें. गिनमेरनें वैमानिकास गांठून ह्या खात्यांत शिरण्याची वाट विचारली, आणि २१ नोव्हेंबर १९१४ रोजीं तो पो येथील विमानशाळेंत उमेदवार मिस्त्री म्हणून दाखल झाला. खानदानी घरांतील हा मुलगा तेलानें हात काळे करून यंत्रें पुसूं लागला. त्याच्या चरित्रांतील हा भाग आम्हांस रणांतील पराक्रमाहून कमी मोलाचा वाटत नाहीं. यंत्राचें जें ज्ञान त्यानें तेथें मिळविलें तें त्याला जन्मभर पुरलें. पुढें कारखानदारांना तो विमानांत सुधारणा सुचवी, आणि पंख्याच्या मधोमध ३७ मिलिमीटरची तोफ बसविलेलें विमान त्यानें स्वतः रणांत चालविलें.

१९१५ च्या जूनमध्यें तो वैमानिक होऊन तिसऱ्या तुकडीत रुजू झाला. पुढें विमानांवरील करकोच्याच्या चित्रामुळें ही तुकडी जगप्रसिद्ध झाली. १९ जुलै रोजीं, गेर्दे नांवाच्या मिस्त्रीस मागें बंदुकीवर बसवून, त्यानें पहिलें शत्रुविमान पाडलें. त्या काळीं ह्या लढवय्यांजवळ हवाई छत्री नसे. विमान पेटलें कीं उडी किंवा आग, एवढीच निवड. गिनमेर स्वतः सात वेळां खालीं आला. १९१६ च्या मार्चमध्यें व्हर्डनच्या आघाडीवर तो घायाळ झाला. त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला तर स्वपक्षाच्याच तोफेचा गोळा त्याच्या विमानाला लागला! विमानाचा चुराडा झाला, तो मात्र वांचला. २५ मे १९१७ ह्या एकाच दिवशीं त्यानें चार विमानें पाडलीं. एकंदर संख्या ५३ झाली. हा आंकडा सांगतांना त्या प्रत्येक विमानांत कोणा ना कोणा आईचा मुलगा होता, ह्याचा विसर आम्हांस पडत नाहीं.

गिनमेरलाही तो सर्वस्वीं पडला नसावा. १९१७ च्या जूनमध्यें उडेट नांवाच्या जर्मन वैमानिकाशीं त्याची गांठ पडली. ऐन झुंजींत उडेटची बंदूक अडली. तो तीवर मुठी आपटूं लागला. तें पाहून गिनमेरनें हात हलविला आणि तो निघून गेला. ही हकीकत खुद्द उडेटनेंच पुढें सांगितली. ह्या प्रसंगाचीं दुसरीं कारणें कित्येकांनीं शोधलीं आहेत; परंतु ज्याला जीवदान मिळालें त्याची साक्ष आम्ही अधिक मानतों.

अखेरीस तो फार थकला होता. विश्रांति घे, असें मित्रांनीं विनविलें. त्यानें ऐकिलें नाहीं. ११ सप्टेंबर १९१७ रोजीं सकाळीं तो एका सोबत्यासह बेल्जममधील पूलकापेल गांवाकडे गेला. खालीं एक जर्मन विमान दिसतांच त्यानें झेप घातली. इतर शत्रुविमानें येतांना पाहून सोबती त्यांना हुलकावणी देण्यास वळला. परत येऊन पाहतो तों आकाश रिकामें! जर्मनांनीं मागाहून कळविलें कीं त्याचें शव त्यांच्या सैनिकांस सांपडलें होतें. पण तोफांच्या भडिमारांत तें पुरतां आलें नाहीं. त्या वेळीं तो बावीस वर्षांचा होता. शाळांतील मुलें म्हणूं लागलीं कीं गिनमेर इतका उंच गेला कीं त्याला खालीं येतां येईना.

पॅरिसच्या पाँतेआँ मंदिरांत त्याच्या नांवाचा लेख कोरलेला आहे. पूलकापेल येथें स्मारकस्तंभ असून त्याच्या माथ्यावर उडता करकोचा आहे. थडगें मात्र कोठेंच नाहीं.