वकील थॅडियस स्टीव्हन्स

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत लँकॅस्टर नांवाचें शहर आहे. तेथील एका लहानशा कबरस्तानांत थॅडियस स्टीव्हन्स यांची कबर आहे. एवढ्या मोठ्या पुढाऱ्यानें अशी साधी जागा कां निवडिली, हें त्यांच्या चरित्रावरून कळून येतें.

त्यांचा जन्म इ. स. १७९२ त व्हर्माँट संस्थानांत एका गरीब घरीं झाला. त्यांचा एक पाय जन्मतःच वांकडा होता. बाप घर सोडून गेला. परंतु आईनें काबाडकष्ट करून मुलांस वाढविलें. पुढें थॅडियस वकील होऊन गेटिसबर्ग येथें राहिले.

इ. स. १८२१ त चॅरिटी बटलर नांवाच्या दासीचा खटला वरिष्ठ कोर्टापुढें आला. पेन्सिल्व्हेनियांत सहा महिने राहिल्यामुळें आपण कायद्यानें मुक्त झालों, असें तिचें म्हणणें होतें. स्टीव्हन्स यांनीं धन्याचें वकीलपत्र घेतलें. ते सहा महिने सलग नव्हते, या मुद्द्यावर त्यांनीं खटला जिंकिला, आणि ती बाई मुलांसह गुलामगिरींतच राहिली. कायद्याचा शब्द राखला गेला. न्याय मात्र राहून गेला.

त्यानंतर त्यांनीं निराळी वाट धरिली. पळून आलेल्या गुलामांचे खटले ते फी न घेतां चालवूं लागले. इ. स. १८३५ त मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतांत असतां त्यांच्या भाषणानें तो वांचला. इ. स. १८३८ त संस्थानाच्या नव्या घटनेनें काळ्या लोकांचा मताचा हक्क काढून घेतला, म्हणून त्यांनीं तिच्यावर सही केली नाहीं. पुढें देशाच्या काँग्रेसमध्यें, गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या व कायद्यापुढें सर्वांस समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठीं ते झटले. इ. स. १८६३ त बंडखोर सैन्यानें त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळिला, तरी ते हटले नाहींत. त्यांची जीभ तिखट होती व शत्रू पुष्कळ होते.

ता. ११ ऑगस्ट १८६८ रोजीं ते वॉशिंग्टन येथें मरण पावले. अनाथगृहासाठीं ठेविलेल्या पैशांत वर्णभेद करूं नये, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहिलें होतें. शहरांतील इतर कबरस्तानांत काळ्या लोकांस मज्जाव होता. म्हणून जेथें सर्वांस जागा मिळे, तेथेंच त्यांनीं आपली कबर ठरविली. उत्पन्नकर्त्यापुढें मनुष्यें सारखीं आहेत, हें मरणांतहि दिसावें, अशी त्यांची इच्छा त्या दगडावर कोरलेली आहे.

वाचक बंधुभगिनींनो, त्या जुन्या खटल्याचा निकाल त्यांस फिरवितां आला नाहीं. स्वतःचें पाऊल मात्र फिरवितां आलें. आपणहि कोणाच्या शेजारीं बसतों, आणि कोणाच्या शेजारीं निजावयास तयार आहों, याचा विचार करावा.