सेलबोर्नचा पक्षिवेडा : गिल्बर्ट व्हाइट

पक्ष्यांचा अभ्यास करायचा तर रानेवने पालथी घालायला हवीत, असा आपला समज असतो. गिल्बर्ट व्हाइटचे चरित्र वाचले की तो पार बदलतो. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यात १८ जुलै १७२० रोजी तो जन्मला आणि २६ जून १७९३ रोजी त्याच खेड्यात वारला. मधल्या काळात तो ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकला, तिथला फेलो झाला. पण शेवटी गावी परतला. पेशा पाद्र्याचा, जीव मात्र बागेत आणि पाखरांत.

१७५१ पासून तो बागेची टिपणे ठेवी. १७६८ पासून निसर्गाची रोजनिशी लिहू लागला. वसंतात कोणते पाखरू कोणत्या तारखेस आले, हे तो वर्षानुवर्षे टिपत राहिला. जवळजवळ सारखे दिसणारे तीन हिरवट वटवटे त्याने वेगवेगळे ओळखले, ते मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नव्हते; पण पावशा ओरडू लागला की बियाणे बाहेर काढायचे, हे आजोबांना पक्के ठाऊक. ते कुणी तारीखवार लिहून ठेवले नाही, एवढेच.

व्हाइटला आयुष्यभर एका कोड्याने छळले. भिंगऱ्या हिवाळ्यात जातात कुठे? त्या पाण्याखाली झोपतात, असे लिनियससारखा पंडितही मानी. व्हाइटचा भाऊ जॉन जिब्राल्टरला होता. भिंगऱ्यांचे असंख्य थवे समुद्र ओलांडताना त्याने पाहिले होते, आणि व्हाइटला ते मान्यही होते. तरीपण काही भिंगऱ्या गावातच कुठेतरी दडून निजत असाव्यात, हा त्याचा संशय जाईना. कारण ऐन नोव्हेंबरातही त्याला एखाददुसरी दिसे.

अखेर ११ एप्रिल १७८१ रोजी त्याने माणसे लावून गावामागच्या टेकडीची झुडपे आणि कपारी धुंडाळल्या. हाउस मार्टिन, म्हणजे घराच्या वळचणीला मातीचे घरटे बांधणारी भिंगरी, त्या वर्षी अजून आली नव्हती. तेव्हा निजलेली सापडली तर आताच सापडेल, असा त्याचा हिशेब. माणसांनी कसून शोधले. काही मिळाले नाही. आणि शोध चालू असतानाच त्या वर्षीची पहिली मार्टिन चारचौघांदेखत गावात उतरली, थेट एका घरट्यात शिरली, थोडा वेळ थांबली आणि छपरांवरून उडून गेली! त्यानंतर १६ तारखेपर्यंत एकही दिसली नाही. दिसली ती फक्त एक जोडी.

हे सारे, माणसे रिकाम्या हाती परतल्याचेसुद्धा, व्हाइटने त्याच वर्षी आपला मित्र बॅरिंग्टन याला पत्राने कळवले. मला तो मोठा वाटतो तो इथे. संशय त्याने सोडला नाही, पण त्या संशयाला सोयीचे तेवढेच लिहिले, असेही केले नाही. अशाच पत्रांचे पुस्तक त्याचा भाऊ बेंजामिन याने १७८८ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. ते आजही छापले जाते.

इंग्लंडमध्ये पायात कडे अडकवून सोडलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. तेव्हा भिंगरीचा पत्ता लागला. हाउस मार्टिन मात्र आफ्रिकेत नेमक्या कुठे हिवाळा काढतात, हे अजूनही पुरते उलगडलेले नाही.