तोतरेपणावर मात करणारा नट : रॉबर्ट डोनॅट



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत एका इंग्रज नटाचे चरित्र कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. सिनेमाची गोडी लागावी म्हणून हे लिहीत नाही. बोलताना अडखळणारा एक मुलगा वाणीच्याच बळावर कसा मोठा झाला, हे आपणांस कळावे, एवढाच हेतू आहे.

रॉबर्ट डोनॅट यांचा जन्म १८ मार्च १९०५ रोजी मँचेस्टरच्या विथिंग्टन भागात झाला. लहानपणी ते तोतरे बोलत. असे मूल वर्गात उत्तर द्यायला उभे राहिले की काय होते, हे आपण जाणताच. परंतु रॉबर्टला जेम्स बर्नार्ड नावाचे वाणीचे शिक्षक लाभले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, तेव्हा शिकवणी सुटू नये म्हणून त्याने त्याच गुरूंकडे चिटणिसाची नोकरी धरली. १९२१ साली, सोळाव्या वर्षी, बर्मिंगहॅम येथे शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातील लहानशा भूमिकेतून त्यांनी रंगभूमीवर पाऊल ठेवले. १९२४ पासून सर फ्रँक बेन्सन यांच्या नाटक मंडळीत त्यांनी उमेदवारी केली. जी जीभ अडखळत होती, तिच्यातून आता शेक्सपिअरचे संवाद अस्खलित वाहू लागले.

१९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या चित्रपटाने त्यांना नाव दिले. १९३४ साली हॉलिवूडमध्ये 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' केला; पण तेथील झगमगाटात न रमता ते मायदेशी परतले. १९३५ चा हिचकॉक यांचा 'द थर्टी-नाइन स्टेप्स' आजही रसिक आवर्जून पाहतात.

तोतरेपणा गेला, पण दम्याने गाठले. वाणीवर जगणाऱ्याचा श्वासच अडू लागला. अनेक भूमिका हातच्या गेल्या. सबंध कारकिर्दीत जेमतेम वीस चित्रपट झाले. तरीही १९३९ साली 'गुडबाय, मिस्टर चिप्स' मध्ये त्यांनी एका साध्या शाळामास्तरांची भूमिका केली. चौतीस वर्षांच्या या नटाने नवख्या तरुण शिक्षकापासून ऐंशी ओलांडलेल्या वृद्ध गुरुजींपर्यंतचे सारे आयुष्य पडद्यावर उभे केले. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर क्लार्क गेबल व लॉरेन्स ऑलिव्हिए यांसारख्यांना मागे टाकून त्यांना मिळाले. एका शिक्षकाने घडविलेल्या मुलाला शिक्षकाच्याच भूमिकेने जगन्मान्य केले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढे दमा बळावत गेला. 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस' या अखेरच्या चित्रपटाच्या वेळी प्राणवायूची नळकांडी जवळ ठेवून त्यांनी काम पुरे केले. ९ जून १९५८ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तो चित्रपट त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला.

पालकहो, हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनीही जिभेची गाठ सुटावी म्हणून अल्लाहकडे दुआ मागितली होती, हे आपण कुरआन शरीफमध्ये वाचतो. तेव्हा आपले मूल अडखळत बोलत असेल, तर त्याला पाहुण्यांसमोर गप्प बसवू नका, त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गातला असा सोबती बोलू लागला की हसू नका, थांबून ऐका. कदाचित त्याला केवळ एका बर्नार्ड मास्तरांची गरज असेल.