चवदार तळ्याचा दावा

कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्रही अभ्यासलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला बॅरिस्टर झाले, ते मोठ्या कष्टाने. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये तो अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले होते. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. पुढे मुंबईत वकिली सुरू झाली आणि १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभाही.

या दोन्ही वाटा महाडला एकत्र आल्या. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे नगरपालिकेचे, तरीही काही सवर्णांनी दावा लावला आणि डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला. सत्याग्रहासाठी हजारो लोक जमलेले. बाबासाहेबांनी मात्र हुकूम मोडू दिला नाही. त्यांच्यातल्या नेत्याला हा निर्णय किती जड गेला असेल! २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याला हात न लावता मंडळी मिरवणुकीने तळ्याभोवती फिरून परतली.

खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना मज्जाव करणारी वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.